जुने ब्राउझर आणि सार्वजनिक संकेतस्थळांवरील व्हिडिओ

शासकीय कार्यालये, देवस्थाने, विद्यापीठे, संशोधन संस्था यांच्या संकेतस्थळांवर पानातच बसवलेला व्हिडिओ कालबाह्य ब्राउझरवरही चालावा, निदान त्यातली माहिती वाचकाच्या हाती पडावी, यासाठी करायची तांत्रिक व संपादकीय व्यवस्था. खासगी कंपनी आपला ग्राहक कोण हे ठरवू शकते. सार्वजनिक संकेतस्थळाला तशी मुभा नाही. जुना फोन किंवा जुना संगणक असणे हे नागरिकाला माहिती नाकारण्याचे कारण ठरू शकत नाही, हे या व्यवस्थेमागचे मूळ तत्त्व आहे.

औंढा नागनाथचा संदर्भ : हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे या प्रश्नाच्या दोन बाजू एकत्र दिसतात. येथील नागनाथाचे हेमाडपंती मंदिर बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाते. त्याचे गर्भगृह सभामंडपाच्या पातळीखाली असून तेथे अरुंद वाटेने उतरावे लागते. गुडघ्यांनी साथ सोडलेल्या वृद्ध भाविकासाठी गाभाऱ्याचा आणि बाहेरच्या शिल्पपट्ट्यांचा व्हिडिओ मोलाचा ठरतो. याच तालुक्यात दुधाळा शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय तरंगांची वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तिला तत्त्वतः, तर एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मान्यता दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजांमधून लेसरचे किरण कसे परततात आणि अंतरातील अतिसूक्ष्म फरक कसा मोजला जातो, हे चलचित्रातून जितके चटकन उमगते तितके मजकुरातून उमगत नाही. आपल्या शिवारात काय उभे राहते आहे, हे जाणून घेण्याचा पहिला हक्क गावकऱ्यांचा आहे. त्यांच्या हातातील उपकरण मात्र वेधशाळेइतके अद्ययावत असेलच असे नाही.

पूर्वपीठिका : २००५ साली यूट्यूब सुरू झाले तेव्हा ब्राउझरला स्वतःहून व्हिडिओ दाखवता येत नव्हता, त्यासाठी फ्लॅश हे जोडसॉफ्टवेअर लागे. २००७ मध्ये ऑपेरा कंपनीने व्हिडिओसाठी स्वतंत्र टॅगचा प्रस्ताव मांडला आणि तो पुढे एचटीएमएल५ मध्ये आला. २८ ऑक्टोबर २०१४ रोजी एचटीएमएल५ ला वेब प्रमाणांच्या जागतिक संघटनेची अंतिम शिफारस मिळाली. जानेवारी २०१५ मध्ये यूट्यूबने फ्लॅशऐवजी एचटीएमएल५ ला प्राधान्य दिले. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा पाठिंबा थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरने मजकूर चालवणेच बंद केले. ज्या संकेतस्थळांनी जुने व्हिडिओ वेळेत रूपांतरित केले नाहीत, तेथे पान उरले पण चित्राच्या जागी रिकामी चौकट आली.

जुने ब्राउझर टिकून राहण्याची कारणे : ब्राउझर जुना राहतो तो बहुधा वापरणाऱ्याच्या हट्टामुळे नव्हे, तर खालच्या यंत्रणेमुळे. विंडोज एक्सपीवर इंटरनेट एक्सप्लोररची ८ वी, क्रोमची ४९ वी आणि विंडोज ७ वर क्रोमची १०९ वी आवृत्ती शेवटची ठरली. त्यांपुढे जायचे तर संगणकाची कार्यप्रणाली, आणि अनेकदा संगणकच, बदलावा लागतो. डिजिटल स्वाक्षरी व ई-निविदांच्या अनेक शासकीय प्रणाली दीर्घकाळ जावा ॲपलेटवर अवलंबून होत्या. क्रोमने २०१५ मध्ये अशा जोडसॉफ्टवेअरचा आधार काढल्यावर कार्यालयांना त्या कामापुरता इंटरनेट एक्सप्लोरर जपून ठेवावा लागला. विंडोज १० वरील त्याच्या ११ व्या आवृत्तीचा पाठिंबा १५ जून २०२२ रोजी संपला.

फोनची गोष्टही अशीच आहे. २०१७ मध्ये आलेल्या जिओफोनमधील कायओएस ही प्रणाली फायरफॉक्सच्या जुन्या इंजिनावर बेतलेली आहे. २.४ इंचांचा पडदा, स्पर्शाऐवजी कळफलक आणि मर्यादित स्मृती यांमुळे जड प्लेअर त्यावर अडखळतो. अँड्रॉइड ८ व ९ वर क्रोमची १३८ वी आवृत्ती शेवटची आहे.

तांत्रिक रचना : ब्राउझर अनोळखी टॅगकडे दुर्लक्ष करतो आणि त्याच्या आतील मजकूर दाखवतो. म्हणून व्हिडिओ टॅगच्या आत साधी लिंक ठेवली, की इंटरनेट एक्सप्लोरर ८ सारख्या ब्राउझरला ती दिसते. येथे एक फसगत होते. जो ब्राउझर हा टॅग ओळखतो पण व्हिडिओचा प्रकार उलगडू शकत नाही, तो आतील मजकूर दाखवत नाही. वाचकासमोर काळी चौकट राहते. यास्तव फाइल उतरवून घेण्याची लिंक आणि मजकूर टॅगच्या बाहेर, चौकटीखाली देणे आवश्यक आहे.

संकेतनाच्या प्रकारांत २००३ चे एच.२६४ आजही सर्वांत दूरवर पोहोचते. एमपी४ फाइलमधील एच.२६४ चित्र व एएसी ध्वनी ही जोडी इंटरनेट एक्सप्लोरर ९ पासून आजच्या ब्राउझरांपर्यंत बहुतेक ठिकाणी चालते. व्हीपी९, एव्ही१ हे नंतरचे प्रकार जागा वाचवतात. ते आधी सुचवावेत आणि एच.२६४ शेवटचा आधार म्हणून ठेवावा. अनेक नवे फोन चित्रीकरण एचईव्हीसी प्रकारात करतात. कार्यक्रमाचे असे चित्रीकरण रूपांतर न करता थेट चढवले, तर चढवणाऱ्याच्या फोनवर ते नीट दिसते आणि दुसऱ्याच्या जुन्या संगणकावर नुसता आवाज येतो किंवा काहीच येत नाही.

एमपी४ फाइलची अनुक्रमणिका पुष्कळदा फाइलच्या शेवटी लिहिली जाते. ती आरंभी आणली नाही, तर मंद जाळ्यावर चित्र सुरू व्हायला बराच वेळ लागतो आणि काही जुने प्लेअर पूर्ण फाइल उतरेपर्यंत थांबून राहतात. रूपांतर करताना एक पर्याय निवडला की हे काम होते. सर्व्हरने फाइलचा प्रकार व्हिडिओ म्हणून अचूक कळवणेही गरजेचे आहे. इंटरनेट एक्सप्लोरर ९ त्याबाबत काटेकोर आहे.

आकाराचे गणित : पाच मिनिटांचा व्हिडिओ सेकंदाला ५ मेगाबिट या दराने ठेवला, तर फाइल सुमारे १८८ मेगाबाइट होते. तोच सेकंदाला ५०० किलोबिट दराने ३६० ओळींच्या चित्रात ठेवला, तर ती सुमारे १९ मेगाबाइटवर येते. लहान पडद्यावर हा दुसरा व्हिडिओ समाधानकारक दिसतो आणि रोजच्या डेटापॅकवर भार टाकत नाही. जाळ्याच्या वेगानुसार दर्जा आपोआप बदलणाऱ्या पद्धती सोयीच्या खऱ्या. पण त्यांना बहुधा ब्राउझरमधील नवी सोय व जावास्क्रिप्ट लागते. म्हणून त्यांच्या जोडीला लहान एमपी४ फाइल असावीच.

यूट्यूबचा व्हिडिओ पानात बसवणे सर्वांत सोपे असते. मात्र त्यात कोणता ब्राउझर चालेल याचा निर्णय यूट्यूबच्या हाती जातो, आणि काही कार्यालयीन जाळ्यांवर ते बंदही असते. मूळ फाइल संस्थेने स्वतःकडे जपणे हाच त्यावर उपाय.

भाषा व सुगम्यता : केंद्र शासनाच्या संकेतस्थळविषयक मार्गदर्शक तत्त्वांची पहिली आवृत्ती २००९ मध्ये, तर तिसरी २०२३ मध्ये आली, ही तत्त्वे सुगम्यतेची आंतरराष्ट्रीय मानके आधारभूत मानतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये श्राव्य वर्णन, सांकेतिक भाषा व उपशीर्षके यांचा उल्लेख आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची एस३वास ही जिल्हा संकेतस्थळांसाठीची तयार यंत्रणा याच तत्त्वांवर उभी आहे. तथापि चढवलेल्या व्हिडिओला संहिता, म्हणजे त्यातील बोलण्याचा लिखित मजकूर, जोडण्याचे काम यंत्रणा करत नाही, ते माणसालाच करावे लागते. विंडोज एक्सपीवर देवनागरी नीट दिसण्यासाठी वेगळी सोय सुरू करावी लागे. त्यामुळे जुन्या यंत्रावर मराठी उपशीर्षके विस्कटू शकतात. युनिकोडमधील पूर्ण संहिता पानावर दिली, की ती जवळच्या नव्या फोनवर वाचता येते, छापता येते, शोधयंत्राला सापडते आणि अंध वाचकाला ऐकताही येते. केवळ कळांनी चालू-बंद होणारा प्लेअर जिओफोनधारकाला आणि दिव्यांग वाचकाला सारखाच उपयोगी पडतो.

मर्यादा : जुन्याला आधार देताना सुरक्षेशी तडजोड करता येत नाही. टीएलएस १.० व १.१ हे संदेशवहनाचे जुने सुरक्षा-नियम मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरवण्यात आले. केवळ त्यांवर चालणाऱ्या ब्राउझरसाठी ते पुन्हा सुरू करणे म्हणजे बाकी सर्वांची माहिती धोक्यात घालणे होय. फ्लॅशची जुनी प्रत वापरायला सांगणेही तितकेच गैर. अशा वाचकापर्यंत तीच माहिती सूचनाफलक, छापील पत्रक किंवा सेवा केंद्रातून पोहोचवणे, हे संस्थेचे कर्तव्य उरते.

व्यवहारात किमान व्यवस्था पाच गोष्टींची आहे : लहान एच.२६४ फाइल, चौकटीबाहेरची लिंक, मराठी उपशीर्षके, पूर्ण संहिता आणि व्हिडिओ आपणहून सुरू न होणे. प्रसिद्धीपूर्वी कार्यालयातील सर्वांत जुन्या संगणकावर आणि सर्वांत साध्या फोनवर पान उघडून पाहावे. यांपैकी कशालाही मोठा खर्च लागत नाही. म्हणून सार्वजनिक पैशातून केलेला व्हिडिओ केवळ ब्राउझर जुना म्हणून नागरिकाला कोणत्याच रूपात मिळाला नाही, तर तो दोष नागरिकाच्या उपकरणाचा नसून संकेतस्थळाचा मानला पाहिजे.