छंदीफंदी : नाचगाण्याचा नाद माणसाचे नाव कसा होतो

मराठीत ‘छंदीफंदी’ हा शब्द कौतुकाने क्वचितच उच्चारला जातो. मुलगा छंदीफंदी निघाला असे कानी आले की घरच्यांनी काळजीत पडावे, असा त्याचा सूर. पण याच शब्दाचा उत्तरार्ध अडीचशे वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यातील एका माणसाची ओळख झाला, आणि ती ओळख आज शालेय पुस्तकांत आदराने छापली जाते. सुरुवात मात्र त्याच्या गावापासून नव्हे, खर्ड्याच्या रणापासून करू.

११ मार्च १७९५. होळी पौर्णिमा नुकतीच सरली होती. जामखेड तालुक्यातील खर्ड्याच्या परिसरात निजाम अलीची फौज आणि मराठ्यांची एकवटलेली फौज समोरासमोर आल्या. शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन असे सारे एका निशाणाखाली लढल्याचा हा अखेरचा मोठा प्रसंग. निजामाने खर्ड्याच्या भुईकोटाचा आसरा घेतला आणि दोनच दिवसांत तह मागितला. पेशवे सवाई माधवराव तेव्हा एकवीस वर्षांचेही नव्हते.

हा विजय गावोगाव पोचवला तो शाहिरांनी. खर्ड्यावर पोवाडा रचणाऱ्यांत एक होते संगमनेरचे अनंत फंदी (१७४४–१८१९). मूळ आडनाव घोलप, जात ब्राह्मण. संगमनेरातील मलिक फंदी नावाच्या फकिराशी त्यांचे मैत्र जुळले आणि त्या संगतीमुळे लोक अनंतालाही फंदी म्हणू लागले, अशी परंपरागत माहिती आहे. नाव फकिराचे असो वा नसो, ते चिकटले याचे कारण उघड आहे. या ब्राह्मणाला तमाशाचा नाद होता, आणि नाद असलेल्या माणसाला शोभेल असेच ते नाव होते.

तेव्हाचा तमाशा कसा होता, हे थोडे सांगायला हवे. डफ, तुणतुणे, झांज, मागे धरणारे सुरते आणि पुढे स्त्रीवेषातला ‘नाच्या पोऱ्या’. रचना शाहिराची, पण लावणी प्रेक्षकांपर्यंत पोचायची ती त्या पोराच्या पदन्यासातून आणि अदेतून. उत्तर पेशवाईत या खेळाला पुण्यात मोठा आश्रय मिळाला. रात्री तमाशा पाहणारेच सकाळी त्याला हीन लेखत, हा भाग वेगळा.

आता आख्यायिका. फंदी अहिल्याबाई होळकरांच्या भेटीस गेले असता बाईंनी त्यांना सुनावले, की ब्राह्मणाने तमाशा करणे योग्य नाही. फंदींनी डफ टाकला आणि ते कीर्तनाकडे वळले. गोष्ट अक्षरशः खरी मानण्याचा आग्रह मी धरणार नाही. पण ती ज्या समाजाने इतकी वर्षे जपली त्याच्याविषयी ती बरेच सांगते. (अहिल्याबाईंचे जन्मगाव चौंडी हेही जामखेड तालुक्यातलेच. खर्ड्याच्या विजयानंतर पाचच महिन्यांत, ऑगस्ट १७९५ मध्ये, त्या निवर्तल्या.)

मला यातली पुढची बाब अधिक महत्त्वाची वाटते. त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवरावांचा मृत्यू झाला आणि फंदींनी त्यावर ‘माधवनिधन’ हे काव्य रचले. म्हणजे आख्यायिका खरी धरली तर तमाशा सुटून गेला होता, विषय गंभीर होता, आणि तरीही कवी फंदीच राहिला. घोलप काही परतले नाहीत.

छंद आणि ओळख यांतले अंतर इथे दिसते. छंद आपण निवडतो, केव्हाही सोडू शकतो. ओळख मात्र लोकांच्या तोंडी असते. ती आपण सोडली तरी सुटत नाही.

याच काळात युरोपातही नाचावरून वाद पेटला होता. १८१६ मध्ये लंडनच्या दरबारी मेजवानीत वॉल्ट्झ नाचला गेला, तेव्हा ‘द टाइम्स’ने त्याला असभ्य ठरवून कठोर टीका केली. पुढे तोच वॉल्ट्झ बॉलरूम नृत्यातला सर्वांत प्रतिष्ठित प्रकार झाला. दिवसा कचेरीत बसणारा कारकून संध्याकाळी तो शिकू लागला. नाच त्याच्या ओळखीचा भाग झाला, पण त्यासाठी त्याला आपली जात, घर वा नाव गमवावे लागले नाही.

आपल्याकडे ती किंमत मोजावी लागे. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६–१९४५) हे याचे ठळक उदाहरण. सांगली जिल्ह्यातील रेठरे हरणाक्षचे हे कुलकर्णी. घरात वतन, हाताशी शिक्षण. पण ओढ तमाशाची. गावाच्या महारवाड्यात फड रंगे आणि कुलकर्णी तिथे जाऊन बसत. शेवटी त्यांनी स्वतःचा फड उभा केला, वतन आणि जात मागे पडली, आणि श्रीधरपंतांचे ‘पठ्ठे बापूराव’ झाले. शेवटची वर्षे पुण्यात हलाखीत गेली. मृत्यूनंतर पाचच वर्षांनी, १९५० मध्ये, त्यांच्या नावाचा बोलपट निघाला.

परंतु बापूरावांची कहाणी एकट्याची सांगणे हा अन्याय ठरेल. त्यांच्या फडाचा प्राण होती पवळा. ती पुन्हा आपल्या नगर जिल्ह्यातली, संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथली, महार समाजातली. नाच्या पोऱ्याची जागा स्त्रीने घेतली, तेव्हाच्या पहिल्या नामवंत कलावतींत तिची गणना होते. गर्दी बापूरावांच्या शब्दांना जमे की पवळेच्या नाचाला, हा वाद रसिकांनी आपसांत मिटवावा. प्रश्न दुसरा आहे. बापूराव जातीतून खाली उतरले म्हणून त्यांच्या नादाला त्यागाचे तेज आले. पवळा जन्मतःच जिथे होती, तिथून तिला उतरायला जागाच नव्हती. एकाच बोर्डावर उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाचा तो छंद म्हटला गेला आणि दुसरीचा धंदा.

बापूरावांनी देऊ केलेली देणगी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नाकारली, असा प्रसंग सांगितला जातो. महार स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा चळवळीला नको, अशी त्यामागची भूमिका. कलावंताला हा घाव निष्ठुर वाटला असेल. पण आपल्या माणसांची ओळख नाचापासून सोडवू पाहणाऱ्या नेत्याला दुसरे उत्तर देता आले असते, असे मला वाटत नाही.

खर्ड्याच्या आसपास हा विषय आजही इतिहासजमा झालेला नाही. जामखेडची कलाकेंद्रे आणि तिथली संगीतबारी राज्यभर माहीत आहे. तिथे नाचणाऱ्या अनेक स्त्रिया कोल्हाटी समाजातल्या. या समाजात नाचणाऱ्या मुलीचे लग्न होत नसे आणि तिच्या मुलांना वडिलांचे नाव मिळत नसे. जामखेडला लागूनच असलेल्या करमाळा तालुक्यातील अशाच एका आईचा मुलगा डॉक्टर झाला आणि १९९४ मध्ये त्याने ‘कोल्हाट्याचं पोर’ हे आत्मकथन प्रसिद्ध केले. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव छापले आहे : किशोर शांताबाई काळे. आईने बारीवर नाचून घर चालवले. मुलाने वडिलांच्या रिकाम्या जागी तिचेच नाव लिहिले.

अनंत घोलपांना फंदी हे नाव संगमनेरकरांनी दिले, कुलकर्ण्यांना पठ्ठे हे नाव फडाने दिले. ‘शांताबाई’ हे मधले नाव मात्र मुलाने स्वतः निवडले.