दार खालूनच का गंजते?

जून महिन्यात शाळा उघडली, की प्रयोगशाळेच्या कोठीचे लोखंडी दार हटकून अडते. खांदा लावून ढकलावे, तर खालच्या कडेचे तपकिरी पापुद्रे गळून पडतात. आम्ही कोकणातल्या शाळेत शिकवतो, त्यामुळे हा प्रसंग दर वर्षीचा. दिवाळीनंतर कोणीतरी तारेचा ब्रश आणि रंगाचा डबा आणतो, श्रमदानाच्या तासाला मुले दार खरवडतात, दार चकाचक होते आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. या साध्या दारामागे रसायनशास्त्राचा मोठा इतिहास आहे. तो माहीत असता, तर आमच्या काही चुका टळल्या असत्या.

जुन्या किल्ल्यांचे दरवाजे आठवून पाहा. पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा लाकडाचा आहे. लोखंड आहे ते खिळ्यांत आणि पट्ट्यांत. लोखंड भट्टीत तापवून, हातोड्याने ठोकून घडवावे लागे. अखंड मोठा पत्रा करणे फार कष्टाचे होते. 1856 साली बेसेमर यांनी पोलाद बनवण्याच्या नव्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि पुढे पोलादी पत्रा स्वस्त होत गेला. दार सबंध लोखंडी झाले, पण पातळही झाले. बोटभर जाडीच्या सळईचा अर्धा मिलिमीटर गंजला, तर काही बिघडत नाही. एक मिलिमीटरच्या पत्र्याचा तेवढाच भाग गंजला, तर त्याचे निम्मे आयुष्य संपते.

‘जुने लोखंड गंजतच नसे’ असे सांगताना दिल्लीच्या लोहस्तंभाचा दाखला दिला जातो. सुमारे 1600 वर्षांच्या या स्तंभात फॉस्फरसचे प्रमाण आजच्या पोलादापेक्षा बरेच जास्त आहे. कानपूरच्या आय.आय.टी.तील आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले, की या फॉस्फरसमुळे धातूवर एक पातळ संरक्षक थर तयार झाला. मात्र याच स्तंभाचा जमिनीत गाडलेला भाग गंजलेला आहे. म्हणजे नुसत्या धातूकडे पाहून भागत नाही. तो कुठे उभा आहे, हेही पाहावे लागते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस लाव्हाझिए यांनी ऑक्सिजनच्या संयोगाचे कोडे उलगडले. पण नुसता कोरडा ऑक्सिजन साध्या तापमानाला लोखंड गंजवत नाही; पाणी लागतेच. 1903 साली अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ व्हिटनी यांनी गंजण्याची क्रिया विद्युत-रासायनिक असल्याचे मांडले. लोखंडाचा प्रत्येक ओला तुकडा म्हणजे जणू छोटा विद्युतघट. 1920च्या दशकात केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी हे एका थेंबात दाखवले.

हा प्रयोग वर्गात करता येतो. लोखंडी पट्टी पॉलिश पेपरने घासून लख्ख करा. मिठाच्या सौम्य द्रावणात चिमूटभर पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलिनचे काही थेंब घाला (हे द्रावण आम्लापासून दूर ठेवावे). त्याचा एक मोठा थेंब पट्टीवर ठेवा. थोड्या वेळाने थेंबाच्या मध्यभागी निळा आणि कडेला गुलाबी रंग दिसेल. कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, मध्यभागी पोचत नाही. निळा रंग जिथे लोखंड विरघळते तिथे येतो. म्हणजे जिथे ऑक्सिजन कमी, तिथेच धातू खाल्ला जातो!

आता दाराकडे पाहा. खालच्या दुमडीत साचलेले पाणी, दोन पत्र्यांच्या जोडातली फट, रंगाच्या पोपड्याखालची जागा, या सगळ्या ‘थेंबाच्या मध्यभागी’ आहेत. दार खालून आणि रंगाखालून गंजते, ते यामुळे.

किनाऱ्यावर आणखी एक शत्रू आहे. मीठ सुमारे 75 टक्के आर्द्रतेला हवेतले पाणी ओढून विरघळते. समुद्राच्या क्षारांतले मॅग्नेशियम क्लोराइड तर सुमारे 33 टक्क्यांनाच ओले होते. त्यामुळे खारे वारे लागणारे दार जानेवारीतही पुरते कोरडे नसते.

उपायाची वाट 1824 साली हम्फ्री डेव्ही यांनी दाखवली. जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा झिजू नये म्हणून त्यांनी त्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले. तांबे वाचले, पण तांब्याचे विष पाण्यात उतरेना, त्यामुळे तळाला शिंपले आणि शेवाळ चिकटू लागले. प्रयोग यशस्वी, उपयोग फसलेला! तत्त्व मात्र टिकले. 1837 साली फ्रान्सच्या सोरेल यांनी लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. जस्ती बादली ही त्याच कुळातली. मुलाम्यावर ओरखडा पडला, तरी आधी जस्त झिजते आणि लोखंड वाचते.

आकडे बोलके आहेत. समुद्राकाठच्या तीव्र हवेत उघडे पोलाद पहिल्या वर्षी 80 ते 200 मायक्रॉन झिजते, तर जस्त सुमारे 4 ते 8 मायक्रॉन. पातळ पत्र्यावर 45 मायक्रॉनचा मुलामा असेल, तर तो किती वर्षे पुरेल? हे गणित मुलांनाच घालावे. उत्तर साधारण 5 ते 11 वर्षे येईल.

मुलामा नसेल, तर रंग. पूर्वी लोखंडावर पहिला हात शेंदराचा देत. शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. गंज रोखण्यात उत्तम, पण विषारी. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 पेक्षा जास्त नसावे, असा नियम भारतात 2016 साली झाला. त्याआधीच्या दारांवर शिशाचा रंग असू शकतो. तो कोरडा खरवडला, की धूळ श्वासात जाते आणि लहान मुलांच्या मेंदूला शिशाचा धोका सर्वांत अधिक. आम्ही इतकी वर्षे श्रमदानाच्या तासाला मुलांच्या हाती ब्रश दिला, तो हे न जाणता. आता ते काम मोठ्या माणसाने मास्क लावून, पत्रा ओला करूनच करायचे, असे आम्ही ठरवले आहे.

मुलांसाठी कामे उरतातच. महिन्यातून एकदा दार गोड्या पाण्याने धुऊन पुसणे, खालच्या दुमडीतली माती काढणे, पाणी निथळायची भोके मोकळी ठेवणे, रंगाचा पोपडा दिसताच वहीत नोंदवणे. रंग द्यायचा तो कोरड्या दिवसांत, क्षार धुऊन व गंज पूर्ण काढून. आधी प्रायमर, मग दोन हात, आणि सर्वांत जाड थर खालच्या कडेला. आमच्या दारावर रंग चकाकत असे तो डोळ्यांसमोर. खालच्या कडेशी वाकून मात्र कोणी पाहिले नव्हते.