पाटीवरून वहीकडे : पाचवी ते सातवीच्या वाचन-लेखनाची वाटचाल

इंद्रायणीच्या काठी देहू आणि आळंदी, आणि त्यांच्या उत्तरेला चाकण. आज या टापूचे नाव काढले की मोटारींचे कारखाने डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु मराठी अक्षराच्या इतिहासातही या टापूला मानाचे स्थान आहे. सतराव्या शतकात चाकणचे संताजी जगनाडे, व्यवसायाने तेली, हे तुकोबांच्या निकटच्या टाळकऱ्यांपैकी एक होते. तुकोबांचे अभंग त्यांनी आपल्या वहीत उतरून घेतले अशी परंपरा आहे आणि त्यांच्या नावाने जतन झालेल्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी गाथेची एक प्रत छापून प्रसिद्ध केली. सुदुंबरे येथे संताजींची समाधी आहे. घाण्यावर राबणाऱ्या माणसाला लिहिता येत होते, आणि हिशेबापलीकडचे काही लिहून ठेवावे असे त्याला वाटले, ही गोष्ट त्या काळी अपवादाचीच म्हटली पाहिजे.

हा अपवाद नियम कसा व्हावा, हाच मराठी शाळेचा गेल्या दोनशे वर्षांचा प्रश्न आहे. त्यातही प्रस्तुत लेखाचा विषय दहा ते तेरा वर्षांची मुले, म्हणजे पाचवी ते सातवीचे वर्ग, एवढाच आहे. पहिली-दुसरीत मुलाला अक्षरओळख होते. पुढे अक्षरांचा शब्द, शब्दांचे वाक्य आणि वाक्याचा अर्थ व्हावा लागतो, आणि मुलाच्या मनातल्या अर्थाचे पुन्हा वाक्य व्हावे लागते. ज्यांचे हे साधत नाही ती मुले याच इयत्तांत मागे पडतात. शाळा सोडतात तीही बहुधा येथूनच.

जुन्या पंतोजींच्या शाळेत हा प्रश्न उद्भवतच नसे, कारण तेथे वाचनाचा अर्थच निराळा होता. धूळपाटीवर बोटाने मुळाक्षरे गिरवायची, मग बाराखडी, मग पाढे, आणि संध्याकाळी सर्वांनी एका सुरात परवचा म्हणायचा. लेखन म्हणजे कित्ता वळवणे. व्यवहारासाठी मोडी आणि पोथीसाठी बालबोध अशा दोन लिप्या. मोडी तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून शिकवली जात असे. या पद्धतीला हसण्याचे कारण नाही. तिने सुंदर अक्षराचे कारकून आणि बिनचूक हिशेब ठेवणारे वाणी घडवले. मात्र स्वतःच्या मनातले चार शब्द कागदावर मांडावेत, अशी अपेक्षा तिने मुलाकडून कधी केली नाही.

इंग्रजी राज्य आल्यावर छापील पुस्तके आली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. त्या कामात सहभागी असलेले मेजर थॉमस कँडी पुढे शालेय पुस्तकांच्या भाषेचे जणू नियामकच झाले. मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. ही बाब किरकोळ वाटेल. पण पूर्णविराम आणि स्वल्पविराम आल्यामुळेच मुलाला वाक्य कोठे संपते हे डोळ्यांनी दिसू लागले आणि मनातल्या मनात वाचणे सोपे झाले. पोथी वाचणाऱ्याला ती सोय नव्हती. त्याला सूर धरूनच अर्थ लावावा लागे.

या साऱ्या काळातील सर्वांत विलक्षण घटना मात्र सरकारी शाळेत घडली नाही. १८४८ साली जोतीराव फुले यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली आणि पुढे अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठीही शाळा काढल्या. सावित्रीबाई तेथे शिकवीत. त्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या 'ज्ञानोदय' पत्राने तो १८५५ साली दोन अंकांत छापला. वयाने ती अजून मूलच होती आणि शाळेत येऊन तिला जेमतेम तीन वर्षे झाली होती. आजच्या हिशेबाने ती उच्च प्राथमिक वर्गातील विद्यार्थिनी!

तिने काय केले ते नीट पाहिले पाहिजे. कित्ता वळवला नाही, पाठ केलेले उतरवले नाही. ज्या धर्मग्रंथाला हात लावण्याची आपल्याला मनाई आहे तो धर्म आपला कसा, असा सरळ प्रश्न तिने विचारला. आपल्या जातीतील स्त्रियांना उघड्यावर बाळंत व्हावे लागते ते दुःख तिने लिहिले. नव्याने लिहायला शिकलेल्या मुलीला, तिच्या माणसांबद्दल तिला जे ठाऊक आहे ते लिही, असे शाळेने सांगितले आणि तिने ते लिहिले. वाचन-लेखनाच्या अध्यापनावर आज कितीही ग्रंथ निघोत, त्या शाळेत जे साधले त्यापलीकडे त्यांना फारसे जाता येत नाही, असे माझे मत आहे. आपल्या कॅथलिक वाचकांनी हेही ध्यानात घ्यावे, की हा निबंध जगापुढे आणण्याचे काम आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांच्या पत्राने केले.

फुल्यांनी पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले त्यात प्राथमिक शाळेत काय शिकवावे हेही सांगितले आहे : मोडी व बालबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे काही धडे. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत आणि त्यांना पगार बरा मिळावा, हा त्यांचा आग्रह होता. ही मागणी पुष्कळ काळ कागदावरच राहिली. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा स्थानिक संस्थांकडे आल्या. पण गरिबांच्या मुलांसाठी शिक्षणाचे शिखर एकच होते, ते म्हणजे मराठी सातवी, लोकांच्या तोंडी 'फायनल'. फायनल झालेला मुलगा मास्तर होई किंवा तलाठी होई. खेड्यातील पत्र तो वाची, अर्ज तोच लिही. सातवी ही इयत्ता नव्हतीच, ती एक पदवी होती.

आपल्या समाजाचा इतिहास येथेच या इतिहासाला येऊन मिळतो. पुणे धर्मप्रांताची स्थापना १८८६ साली झाली. जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी नगर जिल्ह्यात केंदळ, वळण, राहाता, संगमनेर या बाजूंना जे कार्य उभारले त्याचा कणा गावोगावचा 'मास्तर' होता. तोच धर्मशिक्षक, तोच शाळामास्तर, रविवारी प्रार्थना चालवणाराही तोच. गावशाळेत खालचे वर्ग. पुढच्या इयत्तांसाठी हुशार मुलांना मिशनच्या बोर्डिंगात धाडायचे. आणि तेथून फायनल होऊन आलेला तरुण पुन्हा एखाद्या गावी मास्तर म्हणून उभा राहायचा. १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी 'निरोप्या' सुरू केला तो या वाचकवर्गाच्या हातात पडावा म्हणूनच, असे मानायला हरकत नाही. फादर डोरिंग १९०७ मध्ये पुण्याचे बिशप झाले. पहिल्या महायुद्धात जर्मन धर्मगुरूंना नजरकैद आणि मायदेशी रवानगी सोसावी लागली. अशा काळात खेड्यातील श्रद्धा आणि शाळा तगवण्याचा भार या मास्तरांवर किती आला असेल, याची कल्पना करावी.

त्यांच्या शाळांची पद्धत निर्दोष होती असे मात्र म्हणवत नाही. धर्मशिक्षण प्रश्नोत्तरीने होई. प्रश्न ठरलेला, उत्तर ठरलेले, शब्द न चुकवता म्हणायचे. पंतोजींचा परवचाच तो, फक्त मजकूर निराळा. त्यात स्मरण घडले, भक्ती घडली. परंतु मुलाने शुभवर्तमानातील दाखला स्वतःच्या शब्दांत लिहून काढावा, हे त्या शिस्तीत बसत नव्हते. वास्तविक आपल्याकडे याहून मोठा वारसा होता. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली राचोल येथे छापलेले 'ख्रिस्तपुराण' हे लोकांच्या ओवीत, लोकांच्या बोलीजवळच्या मराठीत सांगितलेले शुभवर्तमान आहे. ऐकणाऱ्याला समजावे ही त्यामागची पहिली अट होती.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहू लागला. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. टेल्को, बजाज आदी कारखान्यांनी भोसरी, आकुर्डी, चिंचवड ही गावे व्यापली. १९७० मध्ये त्यांची नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. चाकणची वसाहत त्यानंतरची. नगर, औरंगाबाद, सोलापूर या भागांतून, विशेषतः १९७२ च्या दुष्काळानंतर, कुटुंबे इकडे आली. त्यांत आपली ख्रिस्ती कुटुंबे पुष्कळ. फायनलची पदवी येथे कामाला येईना. तांत्रिक प्रशिक्षणाला आठवी-दहावी लागे, यंत्रावरच्या सूचना इंग्रजीत. गावात जो अर्ज लिहून देई, त्याच्यावर फाटकावरच्या कारकुनाकडून अर्ज लिहून घेण्याची पाळी आली.

शाळेतही याच काळात बदल झाले. पाठ्यपुस्तके रसाळ असावीत हा आग्रह आचार्य अत्रे यांनी 'नवयुग वाचनमाले'तून १९३० च्या दशकातच धरला होता. १९६७ च्या २७ जानेवारीला पुण्यात 'बालभारती'ची स्थापना झाली आणि राज्यभर एकच वाचनपुस्तक मुलांच्या हाती आले. शुद्धलेखनाचे नियमही बदलले. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली चौदा नियम केले आणि १९७२ साली त्यांत चार नियमांची भर घातली. अर्थाला न लागणारे अनुस्वार गेले. बाप 'घरांत' लिहितो आणि सातवीतला मुलगा 'घरात' लिहितो, मग बाप मुलाला चूक म्हणतो आणि मुलगा बापाला, असा प्रकार त्या पिढीत घरोघरी झाला. जुन्या प्रार्थनापुस्तकांत ते अनुस्वार अजून दिसतात.

व्हॅटिकन परिषदेनंतर पवित्र मिस्सा मराठीत होऊ लागली आणि वाचनपीठावर प्रापंचिक माणूस उभा राहिला. पूर्वी लॅटिन ऐकणाऱ्या समाजाला आता मोठ्याने, अर्थासह मराठी वाचणारी माणसे हवी होती. ती पुरवली गावच्या शाळांतून आणि बोर्डिंगांतून शिकलेल्या पिढीने. तिची नातवंडे आज बहुतांशी इंग्रजी माध्यमात आहेत. पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. कारखान्याच्या फाटकावर त्यांनी जे पाहिले त्यावरूनच त्यांनी निर्णय घेतला. परिणाम एवढाच झाला, की सातवीतली मुले मराठी गीत रोमन अक्षरांत लिहून घेऊन गातात. स्टीफन्सने 'ख्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापले, कारण देवनागरी खिळे उपलब्ध नव्हते. आज खिळ्यांची अडचण नाही, अडचण वाचणाऱ्या डोळ्यांची आहे. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आणि आरंभ पहिली व सहावी या इयत्तांपासून झाला. सहावीत प्रथमच जोडाक्षर आणि रफार भेटणाऱ्या मुलाला पहिलीचे पुस्तक देऊन चालत नाही, आणि सहावीचे देऊनही चालत नाही.

या अडचणीची दुसरी बाजू वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर दिसते. कर्नाटक, मराठवाडा, बिहार, उत्तर प्रदेश येथून आलेल्या मजुरांची मुले वर्षाच्या मध्येच वर्गात येऊन बसतात. घरात एक भाषा, फळ्यावर दुसरी. अशी मुले अक्षर लावून धडा 'वाचतात', गुरुजी पुढे जातात, आणि धड्यात काय होते असे विचारले की मूल गप्प. हे दुखणे एकट्या या पट्ट्याचे नाही. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीनुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये शेकडा ५०.५ होती. टाळेबंदीनंतर, २०२२ मध्ये, ती ४२.८ वर आली.

यावर उपाय शोधणारे कोणी झाले नाही असे नाही. पुण्याहून दक्षिणेला, नीरा ओलांडून गेले की फलटण लागते. तेथे अमेरिकेत जन्मलेल्या आणि पुढे भारतीय नागरिकत्व स्वीकारलेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी दलित वस्तीतील, शाळेत जाऊनही वाचता न येणाऱ्या मुलांपासून काम सुरू केले. १९७८ मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा स्थापन झाली. त्यांच्या पद्धतीचे मर्म थोडक्यात असे : सगळी मुळाक्षरे आणि सगळी बाराखडी संपेपर्यंत मुलाला थांबवायचे नाही. मोजकी अक्षरे आणि एखाद-दुसरी स्वरचिन्हे घेऊन पहिल्या काही दिवसांतच अर्थाचे शब्द आणि छोटी वाक्ये वाचायला द्यायची, मग अक्षरांचा पुढचा गट. मूल आरंभापासूनच आपल्या ओळखीचे काही वाचते. लिहू लागले की आपल्या घरचे, आपल्या रानातले लिहिते. थोराड वयात मागे राहिलेल्या मुलाला यात अपमान वाटत नाही, कारण त्याला पुन्हा 'अ'पासून बसावे लागत नाही.

आपल्या धर्मग्रामांत रविवारचे धर्मशिक्षणाचे वर्ग आहेत, शिकवणारे शिक्षक-शिक्षिका आहेत आणि पाचवी ते सातवीची मुले तेथे दर आठवड्याला एकत्र येतात. पेरणाऱ्याचा दाखला पाठ करून घेण्याऐवजी तो एकदा वाचून द्यावा, आणि तुमच्या चाळीत, तुमच्या सोसायटीत खडकावर पडलेले बी कोणते, हे मोडक्यातोडक्या मराठीत लिहून आणायला सांगावे. अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ नंतर पाहता येतील. या वह्या जमल्या, की त्यांतील एखादे पान वाचनपीठावरून त्या मुलानेच वाचून दाखवायला धर्मगुरूंची ना नसावी.