दुष्काळी वाऱ्यावर सुकलेला बेदाणा

एकेकाळी आपल्याकडे बेदाणा म्हटला की काबूल-कंदाहारचा माल. तिथे झरोके ठेवलेल्या मातीच्या किशमिशखान्यांत घड टांगून वाऱ्यावर सुकवतात. आज शिऱ्यात पडणारा दाणा मात्र बहुधा सांगली, सोलापूर किंवा नाशिककडचा असतो.

तासगाव, कवठेमहांकाळ, जत हा पट्टा मूळचा कमी पावसाचा. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे द्राक्षबागा वाढल्या. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन सीडलेसमधून ‘तास-ए-गणेश’ हे वाण निवडलं आणि ते चांगलंच रुजलं. पण पिकलेलं द्राक्ष फार दिवस थांबत नाही. सगळ्यांचा माल एकदम बाजारात आला की भाव कोसळतो. मग ज्या कोरड्या, तापलेल्या हवेला गाव वैतागलेलं असायचं, तीच द्राक्षं सुकवायला कामाला आली.

सुकवण्याची रीत ऑस्ट्रेलियाकडची. शंभर लिटर पाण्यात अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑईल मिसळून त्यात द्राक्षं बुडवतात. सालीवरचं मेण सैल होतं, पाणी लवकर उडतं. मग शेडमधल्या जाळीच्या रॅकवर माल पसरला, की साधारण पंधरवड्यात तयार. मधेच अवकाळी पाऊस आला, तर दाणा काळा पडतो आणि वर्षाचं गणित बिघडतं.

पुढे सौदा. बॉक्स फोडून व्यापारी मूठभर माल बघतो आणि टाकून देतो. पायाखाली गेलेली ही ‘उधळण’ शेतकऱ्याच्याच पदरची. तिच्याविरुद्ध तासगाव-सांगलीत आंदोलनंही झाली आहेत. २०१६ साली सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

आता खाण्याचं. चार किलो द्राक्षं आटून जेमतेम एक किलो बेदाणा होतो, त्यामुळे सगळंच दाट होतं. शंभर ग्रॅममध्ये सुमारे ३०० कॅलरी, साखर साठ ग्रॅमच्या वर, तंतू चारेक ग्रॅम, पोटॅशियम ७५० मिलिग्रॅमच्या आसपास. क जीवनसत्त्व मात्र सुकताना जवळपास संपतं. लोहाचा गवगवा फार होतो, पण मूठभर बेदाण्यात ते अर्धा-पाऊण मिलिग्रॅमच असतं. बिस्किटाऐवजी मुलांच्या डब्यात मूठभर बेदाणा आणि शेंगदाणे केव्हाही बरे. वाटीभर नकोत, आणि मधुमेह्यांनी तर मोजूनच खावेत.

पिवळाधमक दिसावा म्हणून पुष्कळशा मालाला गंधकाची धुरी देतात. घरात कुणाला दमा असेल, तर पाकिटावरचं सल्फर डायऑक्साइड वाचूनच घ्या.