थकव्याची नोंद कुणी घेतली?

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, हे नाव बडनेऱ्यात फार थोड्यांनी ऐकलं असेल. पण या आजाराच्या दोन लक्षणांना आपल्याकडे नावं ठेवून झालेली आहेत. अंग गळून जातं त्याला आपण 'आळस' म्हणतो आणि मन खचतं त्याला 'इमान कमजोर'. मोहल्ल्याला दोष देण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. मोठमोठ्या डॉक्टरांनीही या दोन्ही तक्रारी शंभरएक वर्षं नीट ऐकल्या नव्हत्या.

या आजारात शरीराची संरक्षण यंत्रणा मेंदू आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते. विजेच्या तारेवरचं प्लास्टिक सोलल्यावर व्हावं तसं होतं, निरोप पोहोचत नाहीत किंवा उशिरा पोहोचतात. बहुतेकांना तो विशी ते चाळिशीत गाठतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना अधिक.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर इस्पितळात ज्याँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचं स्पष्ट वर्णन केलं. त्यांनी सांगितलेली तीन प्रमुख लक्षणं अशी: डोळ्यांची थरथर, हाताचा कंप आणि तुटक बोलणं. तिन्ही डॉक्टरला खाटेशेजारी उभं राहून दिसणारी आहेत. थकवा दिसत नाही, तो सांगावा लागतो.

मनाच्या बाबतीत तर उलटीच गंगा वाहिली. १९२६ मध्ये इंग्लंडमधल्या कॉट्रेल आणि किनियर विल्सन या डॉक्टरांनी १०० रुग्ण तपासून लिहिलं की यातले बहुतेक जण आनंदी, निश्चिंत असतात. पाठ्यपुस्तकांनीही पुढे तेच गिरवलं. मेंदूतल्या इजेमुळे काही रुग्णांना विनाकारण हसू फुटतं, आणि मन रडत असलं तरी चेहरा हसतो, हे ध्यानात यायला वेळ लागला. नंतरच्या अभ्यासांनी चित्र पालटलं. जवळपास निम्म्या रुग्णांना आयुष्यात कधी ना कधी नैराश्य गाठतं. त्याला परिस्थिती कारण असते, तसा मेंदूतला आजारही असतो.

थकव्याची पाळी त्याहून उशिरा आली. अमेरिकेत १९८४ मध्ये साडेसहाशेच्या वर रुग्णांना थेट विचारलं गेलं, तेव्हा पाऊण हिश्शाहून जास्त जणांनी थकव्याची तक्रार सांगितली. १९८९ मध्ये नऊ प्रश्नांची मोजपट्टी तयार झाली. तिची उत्तरं रुग्णच देतो, म्हणजे त्याच्या शब्दाला अखेर पुरावा म्हणून किंमत आली.

भारतात अडचण आणखी वेगळी होती. हा थंड देशांतल्या गोऱ्यांचा आजार, अशी समजूत होती. मुंबईचे न्यूरॉलॉजिस्ट डॉ. नोशिर वाडिया आणि भाटिया यांनी १९९० मध्ये दाखवलं की मुंबई-पुण्याच्या पारशांत तो दुर्मीळ नाही, लाखामागे वीसहून अधिक आहे. त्याआधीच, १९८५ मध्ये, मुंबईत रेहमत फझलभॉय यांनी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया उभी केली. त्यांना स्वतःला हा आजार होता. एका मुस्लिम बाईने केलेलं हे काम आपल्या मुलींना माहीत असायला हवं. रुग्णांनी एकत्र येऊन आपलं दुखणं आपल्या तोंडाने सांगावं, याची देशातली ही मोठी सुरुवात होती.

कायदा आला तो २०१६ मध्ये. दिव्यांगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ झाले आणि त्यांत एमएस आला. पण आरक्षणासारख्या लाभांना किमान ४० टक्क्यांचा दाखला लागतो. हातापायांतली ताकद मोजता येते, पण दुपारी दोनलाच संपून गेलेला दिवस टक्क्यांत कसा बसवायचा?

वऱ्हाडात त्यात ऊन भर घालतं. शरीर तापलं की एमएसची लक्षणं तात्पुरती बळावतात. श्रमानंतर रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ ऊटहॉफ यांनी १८९० मध्येच नोंदवलं होतं; त्यामागे उष्णता आहे हे नंतर कळलं. एमआरआय येण्याआधी तर रुग्णाला गरम पाण्यात बसवून निदान करत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो, ती परीक्षा इथे रोजच होते. २०१८ आणि २०१९ चे रमजान मे महिन्यातच सुरू झाले. वरून धडधाकट दिसणाऱ्या सुनेने रोजा सोडला तर घरात काय बोललं जातं, हे वेगळं सांगायला नको.

वास्तविक सूरह बकरामध्ये आजाऱ्याला रोज्यातून सूट आहे. बरं झाल्यावर रोजे भरून काढावेत, बरं होण्याची आशाच नसेल तर फिदिया द्यावा. नमाज बसून, तेही जमत नसेल तर आडवं पडून होते. मनाच्या दुखण्याविषयी तर बल्खचे विद्वान अबू झैद अल-बल्खी (निधन ९३४) यांनी हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे की एका दुःखाला माहीत असलेलं कारण असतं, आणि दुसरं शरीरातूनच उपजतं, त्यावर इलाजही शरीराचाच करावा. त्यांनी त्याला इमानची कमतरता म्हटलं नाही.

तेव्हा जुन्या वस्तीत असो की नव्या, एखादी पोर रोज सांगत असेल की झोपून उठले तरी अंगात जीव नाही, डोळ्यांपुढे धूसर होतं, पायाला मुंग्या येतात, तर तिला सब्र शिकवत बसू नका. अमरावतीला किंवा नागपूरला मेंदूच्या डॉक्टरकडे न्या. मन खचलं असेल तर तेही त्याच डॉक्टरला सांगा, त्यावर उपचार आहेत. आणि ती जे सांगते ते डॉक्टरसमोर तिलाच सांगू द्या.