१८८२ : कोल्हापूरचा महाराज, मेसिनाचा काटा आणि फिरून येणारे नैराश्य



विषय नैराश्याचा आहे, पण सुरुवात आपण आपल्या कोल्हापुरातून करू. राजाराम महाराज १८७० साली युरोपच्या प्रवासात इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी वारले. पुढच्या वर्षी एक लहान मुलगा दत्तक आला. हेच चौथे शिवाजी महाराज. आठेक वर्षांचे पोर आईबापांपासून तुटले आणि इंग्रजी देखरेखीखाली वाढले. पुढे सरकार म्हणू लागले, महाराजांना वेड लागले. 'केसरी' आणि 'मराठा' म्हणाले, वेड कसले, छळ चालला आहे. दिवाण माधवराव बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, ज्या पत्रांवर भिस्त होती ती बनावट ठरली, आणि टिळक-आगरकरांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. महाराज १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरच्या किल्ल्यात, गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीनंतर गेले. वय विशीचे.

महाराजांना नैराश्य होते असा आमचा दावा नाही. इतक्या वर्षांनी निदान करणे आमचे कामही नाही. आम्हाला वेगळी गोष्ट दिसते. त्या वादात बाजू दोनच होत्या. वेड असेल तर दोष त्या माणसाच्या डोक्याचा, छळ असेल तर दोष छळणाऱ्याचा. छळच शरीरात शिरतो आणि आजार होऊन बाहेर येतो, असे कोणाला म्हणायचे असते, तर ते पटवायला साधन नव्हते.

ते साधन मिळण्याची सुरुवात, गंमत पाहा, त्याच वर्षी इटलीतच झाली. टिळक-आगरकर सुटून दोन महिने होत होते. सिसिलीतल्या मेसिना गावी इल्या मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात एक काटा टोचला. सकाळी पाहतो तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा. परक्याला गिळणाऱ्या या भक्षकपेशी. पुढे १९०८ साली त्याला नोबेल मिळाले.

हा माणूस स्वतः नैराश्याने दोनदा मृत्यूच्या दारी जाऊन आला होता. १८७३ साली पहिली पत्नी क्षयाने गेली तेव्हा एकदा, आणि दुसऱ्या पत्नीच्या विषमज्वरानंतर १८८१ साली पुन्हा. दुसऱ्या वेळी त्याने उलटून येणाऱ्या तापाचे रक्त टोचून घेतले होते. त्यातून तो वाचला, आणि पुढच्याच वर्षी त्याला या पेशी दिसल्या. त्या पेशींचा आपल्या उदासीशी काही संबंध असेल, हे मात्र त्याच्या स्वप्नातही नसावे.

संबंध जोडायला शंभर वर्षे लागली. १९९१ साली आर. एस. स्मिथ यांनी नैराश्यामागे याच भक्षकपेशी असाव्यात असा तर्क मांडला. तो समजायला आपला साधा ताप आठवा. भूक जाते, माणसे नकोशी होतात, आवडते गाणेही लावावेसे वाटत नाही. पांढऱ्या पेशी सायटोकाइन नावाची रसायने सोडतात, त्यांचा निरोप रक्तातून आणि मज्जातंतूंतून मेंदूला पोचतो, मेंदू म्हणतो, पडून राहा. चार दिवसांपुरते हे शहाणपणच आहे. निरोप थांबलाच नाही तर?

पुरावा दवाखान्यातून आला. कावीळ 'सी'च्या रुग्णांना इंटरफेरॉन देत. हेही एक सायटोकाइनच. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत, महिन्यांत त्यांतल्या चौथ्या-तिसऱ्या हिश्शाला नैराश्याने गाठले. न्यूझीलंडमधल्या डनेडिनला १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांचा मागोवा आजवर घेतला जातो आहे. लहानपणी ज्यांची आबाळ, मारहाण झाली, त्यांच्यात बत्तिसाव्या वर्षीही रक्तातला दाह जास्त सापडला. हे वाचताना आम्हाला आपले दत्तक महाराज आठवले.

नैराश्य एकदा आले की साधारण निम्म्यांना फिरून गाठते. त्याचे एक कारण या चक्रात असावे. दाहाने झोप मोडते, हालचाल थांबते; झोप मोडली, माणूस बसून राहिला, की दाह वाढतो. चरकाने रोग वाढवणाऱ्या गोष्टींत विषादाला अग्रस्थान दिले आहे, आणि शरीर मनामागे, मन शरीरामागे जाते असेही सांगितले आहे. पेशी त्याला दिसल्या नव्हत्या, चक्र दिसले होते.

पण आपण हुरळून जायचे नाही. २०१३ साली अमेरिकेत अटलांटा येथे औषधांना दाद न देणाऱ्या ६० रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब या दाहशामक औषधाची चाचणी झाली. सरसकट फायदा शून्य. ज्यांच्या रक्तात सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन जास्त होते, त्यांच्यातच सुधारणेची चिन्हे दिसली. म्हणजे नैराश्याचा प्रत्येक रुग्ण दाहाचा नाही. अशा रुग्णांचे प्रमाण चौथ्या हिश्शाच्या आसपास निघते. तेव्हा हळदीच्या गोळ्या घेऊन कोणी चालू औषध बंद करू नये, ही हात जोडून विनंती.

शेवटी आमची एक चूक सांगतो. आम्ही शिकवत होतो तेव्हा एक हुशार मुलगा तिसऱ्यांदा परीक्षेला बसला नाही. आमच्यापुढे येऊन मुकाट बसला. आम्ही त्याला तासभर स्थितप्रज्ञाची लक्षणे सांगितली, मन घट्ट कर म्हणालो. तो मान हलवून गेला आणि पुन्हा वर्गात आला नाही. झोप लागते का, जेवतोस का, आजारी होतास का, घरी काय चालले आहे, यातले एकही आम्ही विचारले नाही. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक आणि १८८२ सालचे सरकार, दोघांनी दोष माणसाच्या डोक्यातच शोधला. तुमच्या घरात कोणाचे दुखणे फिरून आले असेल, तर उपदेशाआधी हे चार प्रश्न विचारा आणि त्याला डॉक्टरांकडे सोबत घेऊन जा.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.