जनावरांची बनावट औषधं: धोका काय, ओळखायची कशी, तक्रार कुठे करायची?

परभणी जिल्ह्यात लाल कंधारी बैल, मराठवाडी म्हैस आणि उस्मानाबादी शेळी यांच्यावर अनेक घरांचा संसार चालतो. पावसाळ्यात जनावराला घटसर्प झाला, तर उपचारासाठी हातात मोजके तास असतात. अशा वेळी टोचलेलं इंजेक्शन बनावट निघालं तर पैसे जातातच, पण त्याहून मोलाचा वेळ जातो. अनेकदा जनावरही हातचं जातं.

बनावट औषध म्हणजे नेमकं काय, त्यामुळे काय होतं आणि पशुपालकाला काय करता येतं, ते पाहू.

बनावट, भेसळयुक्त आणि निकामी औषधांत फरक काय?

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 माणसांच्या औषधांना लागू होतो, तसाच जनावरांच्या औषधांनाही. या कायद्यानुसार दुसऱ्याच औषधाच्या नावानं विकलेलं, लेबलवर खोट्या किंवा दुसऱ्या कंपनीचं नाव असलेलं, किंवा आतला घटक बदललेलं औषध 'बनावट' ठरतं. अस्वच्छ जागी बनवलेलं किंवा घाण मिसळलेलं औषध 'भेसळयुक्त' ठरतं.

तिसरा प्रकार खऱ्या कंपनीच्या, पण निकामी झालेल्या मालाचा. बहुतेक लसी 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. परभणीत उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. बर्फाशिवाय गाडीवरून आलेली लस बनावट नसते, पण तिचा भरवसा राहत नाही.

महाराष्ट्रात असे प्रकार झालेत का?

या साखळीची कल्पना देणारं एक प्रकरण नागपूरचं आहे. डिसेंबर 2023 मध्ये कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयाला पुरवलेल्या अँटिबायोटिक गोळ्या बनावट असल्याचं औषध निरीक्षकांच्या तपासणीत समोर आलं. पोलिसांनी सप्टेंबर 2024 मध्ये आरोपपत्र दाखल केलं. त्यानुसार गोळ्यांमध्ये टाल्कम पावडर आणि स्टार्च होता आणि त्या हरिद्वारमधल्या जनावरांच्या औषधांच्या एका प्रयोगशाळेत तयार झाल्या होत्या. डिसेंबर 2024 मध्ये परभणीशेजारच्या बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयालाही बनावट गोळ्या पुरवल्याचा गुन्हा दाखल झाला.

ही औषधं माणसांसाठीची होती. पण सरकारी खरेदीतून रुग्णालयापर्यंत असा माल पोहोचू शकतो, तर आठवडी बाजारात बिलाशिवाय मिळणाऱ्या बाटलीची खात्री कोण देणार?

जनावरावर काय परिणाम होतो?

- आजार बळावतो. गोचीडतापावरचं औषध महाग असतं. त्यात मूळ घटकच नसेल, तर 'औषध लागू पडत नाही' असं समजून उपचारच बदलले जातात.
- इंजेक्शनच घातक ठरतं. दुग्धज्वरात कॅल्शियम थेट शिरेतून देतात. ते निर्जंतुक नसेल तर रक्तात जंतुसंसर्ग होऊ शकतो.
- जंतू आणि जंत निर्ढावतात. औषधाचं प्रमाण कमी असेल तर सगळे जंतू मरत नाहीत. उरलेल्यांवर पुढे खरं औषधही चालेनासं होतं.

दूध पिणाऱ्यांना धोका आहे का?

आहे. औषध दिल्यावर ठरावीक दिवस त्या जनावराचं दूध किंवा मांस विकू नये, असा नियम आहे. हा कालावधी लेबलवर छापावा लागतो. त्या औषधासाठी तो ठरलेला नसेल, तर दुधासाठी किमान 7 आणि मांसासाठी किमान 28 दिवस धरतात. बनावट औषधात नेमकं काय आहे हेच माहीत नसतं, त्यामुळे हा हिशेबच लागत नाही.

घेताना काय तपासायचं?

1. लेबलवर 'माणसांसाठी नाही, फक्त जनावरांच्या उपचारासाठी' अशा अर्थाची इंग्रजी सूचना आणि जनावराच्या डोक्याचं चित्र असावं लागतं.
2. बॅच नंबर, उत्पादन परवाना क्रमांक, कंपनीचा पत्ता आणि मुदत वाचता यायला हवी. खोक्यावरचा आणि बाटलीवरचा बॅच नंबर एकच हवा.
3. सील सैल, रंग बदललेला, तळाशी गाळ किंवा लेबलवरचं स्पेलिंग चुकीचं असेल, तर औषध घेऊ नका. काही औषधं हलवल्यावरच एकजीव होतात, त्यामुळे गाळाबद्दल शंका असेल तर डॉक्टरांना विचारा.
4. परवानाधारक दुकानातूनच घ्या आणि बॅच नंबर लिहिलेलं पक्कं बिल मागा.

छपाई हुबेहूब असेल तर नुसत्या डोळ्यांनी बनावट औषध ओळखता येत नाही. त्याची खात्री प्रयोगशाळेतच होते.

शंका आली तर?

औषध देणं थांबवा. उरलेली बाटली, खोका आणि बिल फेकू नका. आधी जनावराचा उपचार बघा: जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा 1962 या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. परभणीत पशुवैद्यक महाविद्यालयही आहे. जनावर दगावलं तर पुरण्याआधी शवविच्छेदन करून घ्या. नंतर मृत्यूचं कारण सिद्ध करणं जवळजवळ अशक्य होतं.

औषधाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करायची. टोल फ्री क्रमांक 1800-222-365. कायद्याच्या कलम 26 नुसार ग्राहकालाही शुल्क भरून औषध शासकीय विश्लेषकाकडे तपासायला देता येतं आणि त्याचा सहीचा अहवाल मिळतो.

शिक्षा काय आहे?

बनावट औषध बनवणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला किमान 7 वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत कैद आणि किमान 3 लाख रुपये किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यातला जो जास्त असेल तो दंड होऊ शकतो. माणसाचा मृत्यू झाला तर किमान शिक्षा 10 वर्षांची आहे. जनावराच्या मृत्यूसाठी अशी वाढीव शिक्षा या कलमात नाही.

गुन्हा सिद्ध व्हायला तो माल कुठून आला हे दाखवावं लागतं. त्यामुळे पक्कं बिल हा पशुपालकाच्या हातातला सर्वात भक्कम पुरावा ठरतो.